बोलण्यावर चालणारी अ‍ॅनिमे कशी पाहावी: ‘शोवा गेन्रोकु राकुगो शिन्जू’

अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) म्हटलं की तलवारी, राक्षस आणि उडणारी माणसं अशी सवय झालेल्याला ही मालिका सुरुवातीला जड जाते. एक माणूस चौकोनी गादीवर वज्रासनात बसतो आणि गोष्ट सांगतो. बराच वेळ नुसती सांगतच राहतो. हारुको कुमोता यांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) स्टुडिओ दीननं केलेली ही मालिका दोन सीझनमध्ये आली: २०१६ मध्ये १३ भाग, २०१७ मध्ये १२. विषय राकुगो, म्हणजे एकट्यानं बसून साऱ्या पात्रांचे संवाद बोलत गोष्ट सांगायची जपानी कला. यातल्या बहुतेक गोष्टी जुन्याच आहेत. आज ती कोण सांगतोय आणि कोणासमोर, हीच इथली खरी घटना. ते पकडता आलं की कंटाळा येत नाही. कसं पकडायचं, ते पुढे.

१. बैठकीचे नियम आधी समजून घ्या

यावर थोडा वेळ घालवा, कारण पुढचं बरंचसं यावरच उभं आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांचं कथाकथन ऐकलेल्यांना एकाच माणसाच्या तोंडून दहा माणसं ऐकण्याचा सराव असतो. राकुगोत मात्र ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ हे जवळजवळ नसतंच. नुसता संवाद. मग कोण बोलतंय हे कळायचं कसं? मान वळवण्यावरून. यजमान, घरमालक, वडीलधारा बोलतो तेव्हा कलाकार प्रेक्षकांच्या डावीकडे बघतो. पाहुणा, नोकर, धाकटा बोलतो तेव्हा उजवीकडे. एकदा हे लक्षात आलं की सबटायटल वाचायच्या आधीच नातं कळायला लागतं.

हातात दोनच वस्तू असतात, एक पंखा आणि एक कापडी रुमाल. मिटलेला पंखा नूडल्स खाताना काड्या होतो, ओढायचा पाइप होतो, तलवार होतो. रुमालाचं पत्र होतं, पाकीट होतं. गादीवरून उठायचं नाही. सुरुवातीला इकडच्या तिकडच्या गप्पा होतात, मग कलाकार बोलता बोलता अंगावरची हाओरी (किमोनोवरचा अंगरखा) उतरवतो. मुख्य गोष्ट सुरू होत असल्याची ती खूण. शेवटी एक शब्दांचा टोला आणि नमस्कार.

तोक्योच्या परंपरेत कलाकाराच्या खालून वर तीन पायऱ्या असतात: झेन्झा, फुतात्सुमे, शिन्उची. झेन्झा म्हणजे गुरूच्या घरची कामं करणारा, रंगमंचावर गादी उलटून ठेवणारा पोरगा. कोण कोणत्या पायरीवर आहे हे लक्षात ठेवलंत तर पात्रांमधले निम्मे रुसवेफुगवे आपोआप उलगडतात.

२. आवाज मूळ जपानीच ठेवा

यात तडजोड नको. किकुहिको हे पात्र अवघडलेल्या पोरापासून खडूस म्हाताऱ्या याकुमोपर्यंत (हे त्याचंच पुढचं नाव) जातं, आणि तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत त्याला आवाज आहे एकट्या आकिरा इशिदा यांचा. त्याचा मित्र सुकेरोकु म्हणजे कोइची यामादेरा. मोठा, मोकळा, थोडा उद्धट आवाज. हे नट नुसते पात्रांचं बोलत नाहीत, ते पात्र राकुगो करताना जे बोलेल ते बोलतात, तेही त्या वयात त्या पात्राला जेवढं जमेल तेवढंच. कच्च्या कलाकाराचं कच्चं राकुगो मुद्दाम कच्चं वठवलेलं आहे. दुसऱ्या भाषेतल्या डबिंगमध्ये ही बारकाई टिकवणं फार कठीण.

सबटायटलमुळे नजर पडद्याच्या तळाशी अडकते, हे खरं. त्यावर एक उपाय: राकुगोचा प्रसंग एकदा सबटायटलसह पाहा आणि लगेच तोच प्रसंग सबटायटल बंद करून पुन्हा. दुसऱ्या वेळी श्वास ऐकू येतात, थांबे ऐकू येतात, बोटं दिसतात. पूर्ण भाग असा पाहायची गरज नाही.

३. ऐकणाऱ्याकडे बघा

पहिल्या भागात तुरुंगातून सुटलेला योतारो याकुमोचा शिष्य होतो. रंगमंचावर तो ‘देकिगोकोरो’ ही वेंधळ्या चोराची गोष्ट सांगतो. गोष्ट विनोदी, साधी. पण समोर त्याच्या जुन्या टोळीतला वरचा माणूस येऊन बसलेला असतो. आता कॅमेरा कुठे जातो ते पाहा. सांगणाऱ्याच्या कपाळावरचा घाम, पहिलं हसू कोणत्या कोपऱ्यातून आलं, तो वरचा माणूस कधी सैलावतो. मारामारी नसलेल्या या भागात एक लढत पुरी होते, आणि तिचा निकाल श्रोत्यांच्या चेहऱ्यावर लागतो.

४. गोष्टी आधीच माहीत करून घ्या

रहस्यभेदाची भीती इथे सोडा. राकुगोच्या श्रोत्यांना शेवट बहुतेक वेळा ठाऊकच असतो. किमान ‘शिनिगामी’ तरी आधी समजून घ्या. कर्जबाजारी माणसाला मृत्युदेव भेटतो आणि एक विद्या देतो: देव रोग्याच्या पायाशी बसलेला दिसला तर मंत्र म्हणून त्याला हाकलता येतं, उशाशी बसला असेल तर इलाज नाही. पैशाच्या मोहानं हा गडी अंथरुणच फिरवतो, उशाचे पाय नि पायाचं उसं. मग देव त्याला आयुष्याच्या मेणबत्त्यांनी भरलेल्या गुहेत नेतो. त्याची स्वतःची मेणबत्ती विझायला आलेली. सान्युतेई एन्चो या मेजी काळातल्या (१८६८ ते १९१२) राकुगो-दिग्गजानं युरोपीय कथेवरून ही रचली असं मानतात.

योतारोनं तुरुंगात याकुमोच्या तोंडून ऐकलेली गोष्ट हीच, आणि मालिकेत ती पुन्हा पुन्हा येते. शब्द फारसे बदलत नाहीत. दर वेळी सांगणाऱ्याचं वय काय, त्याच्या मागे कोण मेलेलं आहे, मेणबत्तीकडे तो कसा बघतो, याची नोंद ठेवा. वहीत लिहिलीत तरी हरकत नाही.

५. थोडा इतिहास

युद्धकाळात, १९४१ मध्ये, राकुगो कलाकारांनी वेश्यावस्ती वगैरे विषयांच्या ५३ गोष्टी ‘काळाला न शोभणाऱ्या’ म्हणून बाजूला काढल्या आणि तोक्योच्या असाकुसा भागातल्या होन्पो-जी मंदिरात त्यांचं चक्क थडगं बांधलं. १९४६ मध्ये त्या पुन्हा बाहेर आल्या. एका वेश्येनं गिऱ्हाइकाला आपल्यासोबत मरायला राजी करण्याची ‘शिनागावा शिन्जू’ त्यांतलीच. किकुहिकोला स्वतःचा सूर सापडतो तो याच गोष्टीत, बाईच्या आवाजात. गंभीर गुरुघरचा, सुकेरोकुच्या सावलीत कुढणारा हा मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा प्रेक्षकांना खेळवतो.

६. वेग

एका बैठकीत एक भाग, फार तर दोन. दीडपट वेगानं पाहणार असाल तर पाहूच नका. सुरुवातीचं गाणं वगळू नका; रिंगो शीनानं लिहिलेलं ते गाणं गाते मेगुमी हायाशिबारा, म्हणजे मालिकेतल्या मियोकिची या स्त्रीपात्राचाच आवाज.

ही आवडली तर पुढे ‘स्पाइस अँड वुल्फ’ घ्या. फिरता व्यापारी आणि लांडगादेवी नाण्यांच्या भावावरून वाद घालतात, तोही प्रेमालापच असतो. जुनी मालिका २००८ ची, नवी २०२४ ची, कुठलीही चालेल. ‘बाकेमोनोगातारी’ मात्र नंतर. तिथे संवाद तुफान वेगानं येतात आणि मधूनच मजकुरानं भरलेल्या पाट्या क्षणभर चमकून जातात. सबटायटल आणि पाट्या एकदम वाचता येत नाहीत, तेव्हा पहिल्या फेरीत पाट्या खुशाल सोडून द्या.