पाटाच्या पाण्याचं मॉडेल बनवताय? या चुका टाळा

रब्बीच्या आवर्तनाचं (कालव्याला पाणी सोडण्याच्या फेरीचं) पहिलं मॉडेल मी एक्सेलमध्ये केलं. कालव्याच्या मुखाशी 30 क्युसेक (सेकंदाला 30 घनफूट पाणी), दहा मोगे (पाटातून शेतांकडे पाणी काढायची तोंडं), क्षेत्राप्रमाणे वाटणी. टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या, मोग्याला बरोबर 3 क्युसेक. भडगाव तालुक्यात मामांचं वावर चारीच्या (कालव्याच्या छोट्या फाट्याच्या) अगदी शेवटाला आहे, म्हणून त्यांना कौतुकाने दाखवलं. मामा म्हणाले, "तुना कम्प्युटरमा पानी उनं, आमना वावरमा कव्हय ई?" (तुझ्या कम्प्युटरमध्ये पाणी आलं, आमच्या वावरात कधी येईल?)

एकूण पाणी भागिले एकूण क्षेत्र, ही सगळ्यात मोठी चूक. ही वाटणी कागदावरची. पाटात वरचा आधी घेतो आणि उरलेलं खाली जातं. म्हणून हिशेब मुखाकडून टेलकडे, मोग्यामागून मोगा असाच करा. एखाद्या मोग्याखाली प्रवाह उणे आला तर मॉडेलने वरच्याला नसलेलं पाणी दिलंय. 'मागणी किंवा उपलब्ध, यातलं जे कमी ते' ही अट घाला.

मोग्याला ठरावीक क्युसेक देऊन मोकळं होणं ही दुसरी चूक, आणि टेलवाल्याचं खरं दुखणं इथेच आहे. पाटातला प्रवाह निम्मा झाला तरी खोली निम्मी होत नाही, साधारण दोन तृतीयांश राहते. मोग्यातून जाणारं पाणी तर त्या खोलीच्या वर्गमुळाने बदलतं. म्हणजे 30 चे 15 क्युसेक झाले तरी वरचे मोगे आधीच्या 80 टक्क्यांच्या आसपास ओढतच राहतात. 3 च्या जागी 2.4 धरा; सहा मोग्यांतच 14 च्या वर गेले. खालच्या चौघांनी काय करायचं? मुखाशी निम्मी असलेली टंचाई टेलला जवळजवळ पूर्ण होते. वरच्याने चोरी केली असेलच असं नाही, भोकाचं गणितच तसं आहे.

गळतीला सरसकट 20 टक्के लावू नका. पाणी झिरपतं ते ओल्या काठातून आणि तळातून, आणि प्रवाह निम्मा केला तरी ओला भाग निम्मा होत नाही. समजा 40 क्युसेक दहा दिवस सोडले आणि 8 गळाले, तर शेतात 320 क्युसेक-दिवस पोचले. तेवढंच पाणी 20 क्युसेकने वीस दिवस सोडलं आणि गळती 6 धरली, तर उरले 280. (एक क्युसेक चोवीस तास चाललं की साडेसात सेंटीमीटरची पाळी (एका वेळचं पाणी) साधारण आठ एकरांना होते. 40 म्हणजे किती, याचा अंदाज करा.) गळालेलं सगळंच वाया गेलं असंही मानू नका. पाटालगतच्या विहिरींना त्यानेच पाणी येतं आणि केळी त्यावर तगते. विहिरींचा रकाना वेगळा ठेवा, नाहीतर त्या शेतकऱ्याची मागणी दोनदा मोजली जाते.

पिण्याचं आरक्षण सिंचनाच्या रांगेत टाकू नका. गिरणा धरणात असो वा हतनूरमध्ये, ते आधी बाजूला काढायचं.

वाटणीचा नियम मॉडेलमध्ये उघड लिहा. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत जमीन तीन-चार फडांत (मोठ्या तुकड्यांत) विभागलेली आणि बहुतेकांचं थोडं थोडं वावर प्रत्येक फडात. पाणी कमी पडलं की अख्खा फड पडीक ठेवायचा, म्हणजे झळ सगळ्यांना. हा नियम 'सगळ्यांना 30 टक्के कमी' म्हणून लिहिलात तर फडाचं मर्मच गेलं. कालव्यावरची शेजपाळी (एकामागून एक शेजारच्या शेताला पाणी) वेगळी: कोणत्या टोकापासून पाळी सुरू होते ते विचारून घ्या, कारण पाणी मधेच बंद झालं तर शेवटचा कोरडा राहतो.

आणि वेळ. पाणी तासाला दोनेक किलोमीटर चालतं असं धरलं तरी चाळीस किलोमीटरवर पोचायला वीस तास लागतात; कोरडा पाट असेल तर आधी तो भरावा लागतो. रोजच्या सरासरीवर चालणारं मॉडेल हे दाखवत नाही. मी तासावार केलं तेव्हा एक गोष्ट दिसली, जी मामांना ठाऊकच होती. डिसेंबरच्या थंडीत रात्री दोनला वरच्या चारीवर दार उघडायला कोणी जात नाही, म्हणून खाली पाणी वाढतं. मॉडेलमध्ये रात्रीचे मोगे बंद केले आणि टेलचा प्रवाह पहाटे चारला वर गेला. मामा त्याच वेळी कंदील घेऊन पाळीवर असतात.