पाटीवर ‘कृष्णा’ लिहायचं तर

सांगलीत कृष्णा नावाची दुकानं किती, ते नदीलाच विचारावं. हळद, भडंग, झेरॉक्स, मोबाईल, सगळीकडे तेच नाव, आणि हल्ली फाँटही तोच. मी हरभट रोडला ब्रशनं पाट्या रंगवायचो, आता त्याच हातात माऊस आहे. गिऱ्हाईक आल्या आल्या म्हणतं, “दादा, फाँट जरा हटके टाका.” टाकू की, पण आधी अक्षर सरळ उभं राहू दे.

कॉम्प्युटर बंद ठेवा. दोन पेन्सिली रबरानं शेजारी शेजारी बांधा आणि डावं टोक वर, उजवं खाली असं धरून ‘र’ काढा. शिरोरेघ आणि उभा दांडा जाड येतो, खाली उजवीकडे जाणारा तंगडा बारीक. आपल्या बोरूचा काप असाच. इंग्रजी कॅलिग्राफीचं निब उलट्या कलाचं असतं, त्यानं लिहिलेलं मराठी कायम पाहुण्यासारखं दिसतं. ‘कृष्णा’ असं दहा-वीस वेळा गिरवलं की फाँटमधली चूक डोळ्याला आपोआप टोचते.

मग अक्षररचनाकार कमल शेडगे यांचं काम बघा. पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातीत नुसत्या नावाच्या अक्षरांवरून नाटक गंभीर की फार्स, हे त्यांनी प्रेक्षकाला कळवलं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली जिथं नाटक उभं केलं, त्या गावाला हे वेगळं सांगायला नको. तोच प्रश्न दुकानाला विचारा. हळदीच्या पेढीला ठोक, बसकं अक्षर शोभतं. भडंगवाल्याचं थोडं उड्या मारलं तरी चालतं. दवाखान्याच्या पाटीवर मात्र कलाकारी नको. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ या मासिकांचे जुने अंक रद्दीत मिळाले तर सोडू नका. किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यातली, आणि संपादक शंकरराव स्वतः चित्रकार.

आता फाँट. र. कृ. जोशींचा ‘मंगल’ विंडोजबरोबर घरोघरी पोचला आणि मराठी पडद्यावर नीट दिसायला लागली, हे त्यांचे उपकारच. पण तो पडद्यासाठी केलेला. दहा फुटी बोर्डावर ताणला की केविलवाणा दिसतो. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ मोफत मिळतात. मुक्त पेढीला, बलू भडंगाला. फाँट कुठलाही घ्या, ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा, म्हणजे हिंदी नव्हे तर मराठी वळणाचा आहे ना ते बघा. नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी करून पाहा, काही फाँटांत तेवढ्यानं ही अक्षरं बदलतात.

जागा भरायला अक्षर आडवं ओढू नका. दांडे सुजतात आणि शिरोरेघ तेवढीच बारीक राहते. अक्षरांतलं अंतरही वाढवू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे दात पडतात. जागा उरली तर उरू द्या. मालकाला ती मोकळी जागा बघवत नाही, त्याला तिथं स्वतःचा फोटो हवा असतो, ते भांडण तुमचं तुम्ही बघा.

मापाचा आमचा जुना हिशेब: दहा फुटांवरून वाचायला एक इंच उंची. साठ फुटी रस्त्यापलीकडून दिसायचं तर सहा इंच, तेही शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत. वर वेलांटी-रफार, खाली उकार-ऋकार धरून पट्टी जवळजवळ दुप्पट लागते. ‘कृ’चा ऋकार लोंबतो नेमका तिथंच लोक मोबाईल नंबर घुसवतात. नंबर उजवीकडे, ‘णा’खाली सरकवा; तिथं खाली काही येत नाही.

इंग्रजी नाव हवंच असेल तर मराठीपेक्षा मोठं करू नका. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर तो नियमच आहे, लहान दुकानांनाही.

प्रेसला पाठवण्याआधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे मजकुराचा नुसता आकार करून टाका, नाहीतर तिकडे फाँट नसला की चौकोन छापून येतात. अक्षरांना बॉर्डर द्यायची असेल तर कोरलमध्ये (डिझाईनचं सॉफ्टवेअर) आधी वेल्ड मारा, म्हणजे सगळी अक्षरं जोडून एकच आकार करा. तसं न केल्यास दोन अक्षरांच्या शिरोरेघा जिथं एकमेकींवर चढतात तिथं उभी चीर दिसते, आणि फ्लेक्सवर ती हातभर होते.