नाकाची सर्जरी झाल्यावर सूज कशी सांभाळायची, आणि शेंड्याला हात का लावायचा नाही

सातव्या दिवशी प्लास्टर निघालं की मी पेशंटच्या हातात आरसा देते आणि मनातल्या मनात तीनपर्यंत मोजते. तीन व्हायच्या आत वाक्य येतंच, "सिस्टर, हे तर आधीपेक्षा मोठं दिसतंय." पुण्यात प्लास्टिक सर्जरीच्या ड्रेसिंग रूममध्ये अकरा वर्षं काढलीत आणि मधे २०१७ ला माझं स्वतःचंही नाक झालंय (दांड्यावरचा उंचवटा आणि आतला वाकडा पडदा, ओपन पद्धतीने, म्हणजे दोन नाकपुड्यांच्या मधे बाहेरून चीर देऊन), म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघून झालंय. त्यामुळे "पंधरा दिवसांत सूज घालवायचे उपाय" वगैरे वाचलं की माझं डोकं फिरतं. खाली लिहिते ते रोज सांगून सांगून तोंड दुखलंय म्हणून. तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, आत काय काय केलंय ते त्यांनाच माहीत.

पहिले तीन दिवस

डोकं वर. दोन उशा डोक्याखाली आणि एक खांद्याखाली, साधारण ३० ते ४५ अंश, रिक्लायनर असेल तर फारच छान. बर्फ गालांवर आणि डोळ्यांभोवती, कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, नाकावर थेट नाही (फ्रोजन मटारची पिशवी सगळ्यात बरी, चेहऱ्यावर नीट बसते). सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, हाडं कापून जवळ आणली असतील तर डोळे सकाळी उघडतसुद्धा नाहीत, घाबरायचं नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल. घरात पडलेली कॉम्बिफ्लॅम घेऊ नका, त्यात आयब्युप्रोफेन असतं, रक्त वाहायचा धोका वाढतो. अ‍ॅस्पिरिनही नाही, आणि हृदयासाठी ती चालू असेल तर सर्जरीच्या आधीच डॉक्टरांशी बोला, आपल्या मनाने बंद करू नका. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. नाक शिंकरायचं नाही, दोन आठवडे. लोणचं-पापड जरा बाजूला ठेवा. गळ्यातून काढायचे टीशर्ट कपाटात, पुढून बटणाचे कपडे बाहेर. आणि लहान मूल शेजारी झोपत असेल तर त्याला काही दिवस आजीकडे, पोरं झोपेत लाथा मारतात हो.

सिगरेट, तंबाखू बंद. आणि मिश्रीसुद्धा तंबाखूच असते, हे सांगावं लागतं, कारण "मी कुठे तंबाखू खाते, फक्त दात घासते" असं मला एकीने नाही, कितीतरी जणींनी ऐकवलंय.

कधी लगेच फोन करायचा

हे मात्र नीट वाचा. दोन्ही नाकपुड्या अचानक गच्च झाल्या आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललंय, तर पडद्यात रक्त साठलेलं असू शकतं. ते त्याच दिवशी काढावं लागतं, नाहीतर आतली कूर्चा (मऊ हाड) मरते आणि नाक मधेच बसतं. ताप, पू, एकाच जागी वाढत जाणारी लाली, डोळ्यांना अंधुक किंवा वेगळं दिसणं, नाकातून नुसतं पाण्यासारखं टपटपणं, किंवा पुढे वाकून बसूनही न थांबणारं रक्त, यातलं काहीही झालं तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजलेत, डॉक्टरांना कसं उठवायचं, असला संकोच इथे नको.

चौथा ते सातवा दिवस

स्प्लिंट (नाकावरचं प्लास्टर) कोरडा ठेवा, केस दुसऱ्याकडून मागे मान करून धुवून घ्या. सलाईन स्प्रे सांगितला तसा. बास.

सातव्या दिवसाच्या आसपास स्प्लिंट निघतो, ओपन पद्धत असेल तर दोन नाकपुड्यांच्या मधले टाकेही निघतात. दुखत नाही, चिमटा घेतल्यासारखं होतं.

आता खरी गोष्ट: दुसरा आठवडा ते तिसरा महिना

डोळ्यांखालचं काळंनिळं दहा-चौदा दिवसांत जातं, लोक म्हणायला लागतात "अगं बरी दिसतेस की", तुम्ही ऑफिसला जाता, आणि नेमकं तेव्हाच डोकं बिघडतं. कारण दांडा बऱ्यापैकी उतरलेला असतो पण शेंडा तसाच, बटाट्यासारखा गोल. हसलं की वरचा ओठ लाकडासारखा वाटतो. शेंड्याला स्पर्श कळत नाही. एक बाजू जास्त फुगलेली. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी, त्यामुळे सकाळी रडायचं आणि संध्याकाळी शांत व्हायचं असं चक्र सुरू होतं. हे सगळं नॉर्मल आहे.

असं का होतं? कातडीखालचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाटा सर्जरीत तुटतात, ओपन पद्धतीत तर मधोमधच चीर असते, आणि त्या वाटा नव्याने तयार व्हायला महिने लागतात. रात्री आडवं झालं की पाणी चेहऱ्याकडे येतं, दिवसभर उभं राहिलं की उतरतं. शेंड्याची कातडी दांड्यावरच्या कातडीपेक्षा जाड असते म्हणून तिथलं सगळ्यात शेवटी जातं. आपल्याकडे खूप जणांची कातडी तेलकट आणि जाड असते, त्यांनी तर वर्ष-दीड वर्ष धरूनच चालायचं. यूट्यूबवरच्या पातळ कातडीच्या गोऱ्या बाईचं "माझं सहा आठवड्यांनंतरचं नाक" बघून स्वतःची तुलना करू नका.

माझी चूक सांगते. मला हे सगळं पाठ होतं, रोज दुसऱ्यांना सांगत होते, आणि तरीही सहाव्या आठवड्यात मी दिवसातून वीस वेळा बोटाने शेंडा दाबायला लागले. उजवीकडे जरा जास्त वाटतंय म्हणून उजवीकडून. आई म्हणाली रक्तचंदन उगाळून लाव, ते लावलं. मावशीने आंबेहळदीचा लेप पाठवला, तो गरम करून लावला. आता शेंड्याला स्पर्शच कळत नव्हता त्यामुळे लेप किती गरम आहे तेही कळलं नाही, कातडी लालबुंद झाली तेव्हा आरशात दिसलं. दाबून दाबून सूज वाढलीच होती, त्यात हे. सर्जनने तपासलं आणि एकच प्रश्न विचारला, "सिस्टर, तुम्ही पेशंटला हेच सांगता का?" खुर्चीतून उठून जमिनीत जावंसं वाटलं. तेव्हा लेप नाही, शेक नाही, वाफ नाही, आणि नाकात साजूक तूपही डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. मसाजही सर्जनने स्वतः करून दाखवला असेल तरच, आणि दाखवला तेवढाच.

पट्टी लावणं (सांगितलं असेल तरच)

जाड कातडी असेल तर बरेच सर्जन प्लास्टर निघाल्यावर काही आठवडे रात्री टेप लावायला सांगतात. शेंड्याच्या जरा वर कातडी आणि खालच्या सांगाड्यामधे पोकळी राहिली तर तिथे व्रण भरतो आणि नाक पोपटाच्या चोचीसारखं दिसतं, तसं होऊ नये म्हणून कातडी खाली टेकवून ठेवायची, एवढाच त्याचा उद्देश. आणि इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात, मीही चुकले.

अर्धा इंची मायक्रोपोर (कागदी टेप) घ्या, कापडी चिकटपट्टी नको. चेहरा साध्या साबणाने धुवून पूर्ण कोरडा करा, क्रीम लावलं तर टेप चिकटणारच नाही. तुकडे आधीच कापून स्टीलच्या ताटलीच्या कडेला चिकटवून ठेवा, दोन साधारण चार सेंटिमीटरचे, एक सहा-सातचा. पहिला तुकडा शेंड्याच्या बरोबर वर आडवा. आधी मधला भाग बोटाने टेकवायचा, मग दोन्ही टोकं नुसती खाली सोडायची, ओढायची नाहीत. दुसरा त्याच्या वर, अर्धा पहिल्यावर चढवून. तिसरा लांबडा शेंड्याखालून झोळीसारखा, दोन्ही टोकं वर आणून आधीच्या पट्ट्यांवर. मग आरशात बघा, शेंडा पांढरा पडला असेल किंवा नाकपुड्या ओढल्या गेल्या असतील तर काढा आणि परत लावा.

मी काय केलं होतं, तर ताणून ताणून लावली, जितकी घट्ट तितकी सूज लवकर जाणार असा अडाणी हिशोब. चौथ्या सकाळी ड्युटीला उशीर होत होता, कोरडीच ओढली, आणि शेंड्यावरची साल टेपबरोबर निघून आली, वाटाण्याएवढी जागा. त्याचा डाग जायला अख्खा पावसाळा गेला. सकाळी टेप आधी पाच मिनिटं कोमट पाण्याने भिजवायचा, मग दोन्ही बाजूंनी मधे असा सोलायचा. पुरळ किंवा खाज आली तर दोन दिवस सुट्टी आणि सर्जनला फोन.

तीन महिन्यांनंतरही शेंड्याच्या वर फुगवटा राहिला तर सर्जन कधीकधी स्टेरॉइडचं बारीकसं इंजेक्शन देतात. ते त्यांनीच ठरवायचं, तुम्ही मागायचं नाही, जास्त झालं तर कातडी पातळ होऊन खड्डा पडतो.

दहाव्या दिवशी "अजून किती दिवस" म्हणणाऱ्यांना मी कावसजीची गोष्ट सांगते. टिपूच्या माणसांनी नाक कापलेला गाडीवान, त्याचं नाक पुण्याजवळ एका वीट बनवणाऱ्या जातीच्या माणसाने कपाळाची कातडी वळवून परत बसवलं, १७९४ साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमधे सगळं छापून आलं. त्यात पेशंटने पहिले पाच-सहा दिवस पाठीवर पडून राहायचं असं लिहिलंय, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, आणि कपाळाशी जोडलेली कातडी कापायची ती पंचविसाव्या दिवशी. तेही भूल न देता! आणि तुम्हाला एसी रूममधे टेप लावायचा कंटाळा येतो.

बाकीचं भराभर

चष्मा चार ते सहा आठवडे नाकावर टेकवायचा नाही, कपाळाला टेपने अडकवा नाहीतर लेन्स. चालणं दुसऱ्या दिवसापासून, जिममधलं जड काही सहा आठवड्यांनी. ऊन टाळा आणि सनस्क्रीन लावा, नवीन व्रण आपल्या कातडीवर पटकन काळा पडतो. फुल फेस हेल्मेट घालता-काढताना नाकावरून घासतं, तेव्हा काही आठवडे गाडी चालवूच नका, रिक्षा करा. फोटो रोज नाही, महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, संध्याकाळी. दुसऱ्या सर्जरीचा विषय वर्षभर काढायचा नाही.

आणि नथ. चमकी सर्जरीआधी काढतातच, परत कधी घालायची ते सर्जनला विचारून, निदान दोन महिने तरी विसरा. दाबाची नथ तर त्याहून वाईट, ती नाकपुडीच्या पाळीला चिमट्यासारखी धरते. लग्न असेल तर सर्जरी किमान सहा महिने आधी करून घ्या. एकीने पाचव्या आठवड्यात साखरपुडा ठेवला, फोटोपुरती नथ घालते म्हणाली, चार तास घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर बसली तेव्हा सुजलेल्या पाळीवर क्लिपचा खळगा तसाच होता, बोटाने चाचपला तरी उठत नव्हता, आणि तिच्या पर्समधे अजून तीच नथ होती, संध्याकाळी मुलाकडच्यांकडे जायचं म्हणून. ती मी काढून घेतली आणि तिच्या आईच्या हातात दिली.