राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेले बघायला जायचंय? मग आधी हे वाचा

दरवर्षी जुलै-ऑगस्टमधे कोल्हापूरच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, राधानगरीचा 6 नंबरचा दरवाजा उघडला, आणि लगेच अर्धं गाव गाड्या काढतं. धरण बघायला जाणं वेगळं आणि चालू असलेलं धरण बघायला जाणं वेगळं. मे महिन्यात गेलात तर नुसती दगडी भिंत दिसेल. त्यामुळं टायमिंग महत्त्वाचं.

टायमिंग कसं काढायचं तर बातमीतली पाणीपातळी बघत रहायची. 347.50 फूट हा आकडा लक्षात ठेवा, त्याच्या आसपास पाणी आलं की समजायचं दरवाजे कधीही उघडतील. हे 7 दरवाजे स्वयंचलित आहेत, म्हणजे कुणी बटण दाबत नाही की चाक फिरवत नाही, वजनाच्या तोलावर बसवलेत, पाण्याचा दाब वाढला की आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. म्हणून ‘उद्या सकाळी 10 वाजता उघडणार’ असं कुणी सांगितलं तर सोडून द्या, त्याला काय धरणानं फोन केलेला नसतो.

एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, म्हणजे एकाच दरवाजातून सेकंदाला 40 हजार लिटर! बातमीत विसर्गाचा एकूण आकडा दिलेला असतो, पण त्यात वीजगृहातून सोडलेलं पाणीपण धरलेलं असतं, म्हणून किती दरवाजे उघडलेत ते वेगळं वाचा. एक उघडला असेल तरी जावा, सातही उघडले असतील तर मात्र घरात बसा, तेव्हा खाली नदीकाठच्या गावांची अवस्था वाईट असते, रस्त्यावर पाणी आलेलं असतं आणि तुमच्या गाडीमुळं मदतीला निघालेल्यांची वाट अडते.

आता तिथं गेल्यावर. धरणाच्या भिंतीवर असंच जाता येत नाही, सुरक्षेचा विषय आहे, तिथल्या वॉचमनशी हुज्जत घालू नका, तो बिचारा पावसात उभा असतो. कॉलेजचा किंवा इंजिनीअरिंगच्या पोरांचा ग्रुप असेल तर पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांच्या नावानं कॉलेजच्या लेटरहेडवर आधीच अर्ज द्या, त्यात तारीख, माणसं किती, कशासाठी हे लिहा, आणि पावसाळ्यातली तारीख शक्यतो मागू नका, त्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. बाकीच्यांनी खालच्या बाजूनं, पोलीस सोडतील तिथूनच बघायचं. ड्रोन परवानगीशिवाय बॅगेतूनच काढू नका. आणि नदीपात्रात अजिबात उतरायचं नाही, दरवाजा आपोआप उघडणारा आहे हे वर सांगितलंच. भोंगा ऐकला तर व्हिडिओ संपवत बसू नका, आधी वर या.

जाताना थोडा इतिहास माहिती असला की बघायला जास्त मजा येते. हे काम राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलं, मधे पैशाअभावी रखडलं, पुढं राजाराम महाराजांच्या काळात परत हातात घेतलं आणि पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली. संस्थानाच्या तिजोरीतून एवढा घाट घालणं म्हणजे खायचं काम नव्हतं! आपोआप उघडणारे दरवाजे ही कल्पना आपल्याकडं नवी नाही, विश्वेश्वरय्यांनी 1903 मधे खडकवासल्याला असे दरवाजे बसवले होते.

कोल्हापूरपासून 50-55 किलोमीटर, सकाळी लवकर निघा, दुपारनंतर पार्किंगची बोंब होते. रेनकोट घ्या, छत्री वाऱ्यात टिकत नाही.

परत आल्यावर वेळ असेल तर कसबा बावड्याला राजाराम बंधाऱ्याकडं चक्कर मारा, पंचगंगेची पातळी तिथंच मोजतात. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. राधानगरीतनं सुटलेलं पाणी इथं पोचायला काही तास लागतात, म्हणजे सकाळी वर बघितलेलं पाणी संध्याकाळी नाहीतर रात्री खाली आकड्यात दिसतं. 39 च्या वर गेलं असेल तर तिकडंही गर्दी करू नका, आकडा बातमीत बघितला तरी चालतंय.