कानात प्लग घालताय? या चुका टाळा

‘गोंगाट सहन होत नाही म्हणून इअरप्लग घेतले, पण काही उपयोग नाही’ असं कुणी म्हणालं की मी म्हणते, आधी घालून दाखव. बहुतेकदा अर्धा प्लग कानाबाहेर डोकावत असतो. फोमचा प्लग कोरड्या, स्वच्छ बोटांनी बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत 20-30 सेकंद बोटाने धरून ठेवायचा. हे अर्धं मिनिटच लोकांना जड जातं! पाकिटावर आवाज 33 डेसिबलने कमी होईल असं छापलेलं असतं, पण ते प्रयोगशाळेतलं माप. घाईत खुपसलेल्या प्लगकडून त्याच्या निम्म्याचीही खात्री नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची. वरच्या मजल्यावर फरशा फोडायचं काम निघालं, तेव्हा प्लग घातले आणि जीव भांड्यात पडला. काम संपलं तरी काढवेनात. दिवसभर, झोपतानाही कानात. तीन आठवड्यांनी काढले, तर चमचा बशीला लागला तरी दचकायला व्हायचं, फ्रीजची घरघर डोक्यात घुसायची. आवाज पोचेनासा झाला की मेंदू ऐकण्याची धार वाढवतो. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन आठवडे प्लग वापरलेल्यांनाही नंतर तेच आवाज जास्त मोठे वाटले होते. मी प्लगविना राहण्याचा वेळ रोज थोडा थोडा वाढवत ते सोडले, महिना गेला. आता शांत घरात प्लग डबीतच. साधे आवाजही दुखायला लागले असतील, तर स्वतः प्रयोग करत बसू नका, ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा.

डोकं भणभणायला लागल्यावर प्लग शोधू नका, गर्दीत शिरण्याआधीच घाला. कापसाचे बोळे विसरा. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंख्याची, इंजिनाची सलग घरघर छान गिळतात, पण किंचाळणं किंवा ताट पडल्याचा आवाज त्यांना फारसा आवरत नाही. प्लगवर इअरमफ (हेडफोनसारखं पूर्ण कान झाकणारं आवरण) चढवला की संरक्षण दुप्पट होत नाही, जेमतेम पाचेक डेसिबलची भर पडते. समोरच्याचं बोलणं ऐकायचं असेल तर फोम नको, सगळे सूर सारखेच खाली आणणारे, वादक वापरतात तसले प्लग घ्या. रस्ता ओलांडताना एकही नको.

आणि काढताना खसकन ओढू नका, कानाच्या पडद्याला ताण बसतो. हळू पीळ देत, हवा आत शिरू देत काढा. फोमचा मळला की टाकून द्या, धुऊन पुन्हा वापरायची काटकसर इथे नको.