विश्वाची सुरुवात, देव आणि भौतिकशास्त्र: वाद नीट कसा घालावा

विषय मिळेल तसा स्वीकारू नका. ‘विश्वाची उत्पत्ती कुणामुळे: देव की भौतिकशास्त्र?’ असं फळ्यावर लिहिलं की वाद सुरू व्हायच्या आधीच बिघडतो. भौतिकशास्त्र हा काही कर्ता नाही. गुरुत्वाकर्षणाचा नियम ग्रहांना फिरवत नाही, ते कसे फिरतात एवढं सांगतो.

मी भौतिकशास्त्र शिकवते आणि देव मानत नाही. माझे काका तत्त्वज्ञान शिकवायचे आणि ते मानतात. आमचा हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. शिवाय विद्यार्थ्यांच्या वादविवादात अध्यक्षपद हमखास माझ्या गळ्यात पडतं. त्यातून जी पद्धत बसत गेली ती सांगते.

आधी प्रश्नाचे तीन तुकडे करा. गेल्या १३८० कोटी वर्षांत काय घडलं, हा पहिला. अगदी आरंभाच्या क्षणी काय झालं, हा दुसरा. आणि काहीच नसण्याऐवजी काहीतरी आहे ते का, हा तिसरा. बोलणाऱ्याने आपण कुठल्या तुकड्यावर बोलतोय ते आधी सांगायचं. निम्मी भांडणं इथेच मिटतात, कारण एक जण पहिल्यावर बोलत असतो आणि दुसरा तिसऱ्यावर.

पहिल्या तुकड्यावर वादाला फारशी जागा नाही. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात आहेत हे १९२९ साली खगोलशास्त्रज्ञ हबलने मांडलं. सगळ्या आकाशातून येणारं २.७ केल्विन तापमानाचं पार्श्वप्रारण, म्हणजे त्या उष्ण आरंभाची उरलेली धग, पेन्झियस आणि विल्सन यांना सापडलं, ते १९६५ मध्ये जाहीर झालं. विश्वातल्या साध्या द्रव्यात वस्तुमानाने साधारण पाव हिस्सा हेलियम आहे, तोही उष्ण आणि घन आरंभाच्या गणितातून नीट निघतो. देवाच्या बाजूने बोलणाऱ्याने हे सरळ मान्य करावं. मान्य केल्याने त्याचं काहीही जात नाही. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची कल्पना १९२७ मध्ये मांडणारा आणि पुढे ‘आदिम अणू’पर्यंत, म्हणजे सगळं विश्व एका घन अणूतून निघालं या कल्पनेपर्यंत, जाणारा जॉर्ज लमेत्र हा स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता.

लमेत्रची पुढची गोष्ट दोन्ही पक्षांना ऐकवण्यासारखी आहे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांताचा संबंध धर्मातल्या सृष्टीनिर्मितीशी जोडला, आणि ते लमेत्रला रुचलं नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, अशी त्याची भूमिका होती. उलट बाजूला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. या सिद्धांतासाठी ‘बिग बँग’ हे नाव त्यानेच १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना वापरलं, पण त्याला स्वतःला ही कल्पना पटत नव्हती. विश्वाला आरंभ मानण्यात त्याला निर्मितीच्या धर्मकल्पनेचा वास येत होता. विश्वाला आरंभच नाही असं मानणारा त्याचा स्थिर स्थिती सिद्धांत पार्श्वप्रारणाच्या शोधानंतर मागे पडला. जयंत नारळीकरांनी हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत १९९३ मध्ये त्याचं सुधारित रूप मांडलं, तेही बहुतेकांनी स्वीकारलं नाही. म्हणून कुणाची श्रद्धा काय होती हा पुरावा म्हणून टेबलावर ठेवू देऊ नका. आइन्स्टाइनची वाक्यं तर बंदच करा. दोन्ही बाजू त्याला ओढतात आणि दहा मिनिटं वाया जातात.

दुसऱ्या तुकड्यावर माझ्या बाजूचे लोक जास्त घसरतात. सापेक्षतेची समीकरणं मागे मागे नेली की घनता अनंत होते. याचा अर्थ तिथे खरोखर अनंत घनतेचा बिंदू होता असा नाही. तिथे समीकरणं तुटतात, एवढाच. सेकंदात लिहायचा तर दशांशचिन्हानंतर ४२-४३ शून्यं लिहावी लागतील इतक्या लहान क्षणाच्या आत काय चाललं होतं, त्यासाठी गुरुत्वाकर्षणाचा पुंजसिद्धांत (क्वांटम सिद्धांत) लागेल, आणि तो पूर्ण झालेला नाही. प्रस्ताव मात्र आहेत. भौतिकशास्त्रज्ञ विलेंकिनने १९८२ मध्ये ‘शून्यातून’ विश्व निघण्याची कल्पना मांडली, तर हार्टल आणि हॉकिंग यांनी १९८३ मध्ये कडा नसलेल्या काळाची. प्रस्तावाला प्रस्तावच म्हणा, निकाल म्हणू नका.

आणि कुणी ‘विज्ञानाने दाखवलंय की विश्व शून्यातून येतं’ म्हणालं, तर त्याला त्या शून्यात काय काय होतं याची यादी करायला लावा. काका मला इथेच धरतात. “नियम होते ना? मग शून्य कसलं, पोरी?” हा आक्षेप रास्त आहे. पुंजक्षेत्रांची निर्वात अवस्था, म्हणजे कण नसले तरी क्षेत्रं आणि त्यांचे नियम असलेली अवस्था, ही ‘काहीच नाही’ नव्हे. दुसऱ्या बाजूला २००३ चं बोर्ड-गुथ-विलेंकिन प्रमेय आरंभाचा पुरावा म्हणून आणलं जातं. सरासरीने प्रसरण पावत आलेलं विश्व भूतकाळात अनंतापर्यंत मागे नेता येत नाही, एवढंच ते सांगतं. त्याआधी काय होतं, काही होतं की नव्हतं, यावर ते गप्प आहे.

तिसऱ्या तुकड्यावर येण्याआधी ‘देव’ पक्षाला कागदावर लिहून द्यायला सांगा: कुठला देव? याने वाद एकदम गंभीर होतो. वैदिक कर्मकांडाचं तत्त्वज्ञान मांडणारे मीमांसक वेद प्रमाण मानतात, पण जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत. जैन दर्शनात विश्व अनादी आहे, कुणी निर्माण केलेलं नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे, उदयनाचार्य मात्र जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवाच, असा युक्तिवाद करतात. म्हणजे ‘धर्म सांगतो’ असं एकगठ्ठा काही नाही.

कारणाचा युक्तिवाद साधारण असा येतो: जे सुरू होतं त्याला कारण असतं, विश्व सुरू झालं, म्हणून विश्वाला कारण आहे. त्यावर ‘मग देवाला कुणी केलं?’ असं विचारू नका. टाळ्या मिळतात, पण समोरच्याकडे उत्तर तयार असतं: जो सुरूच झाला नाही त्याला कारण कशाला? त्याऐवजी विचारा, अनादी असं काही असू शकत असेल, तर ते विश्वच, किंवा विश्व ज्यातून आलं ते भौतिक काहीतरी, का असू नये? पहिल्या विधानावरही बोट ठेवता येतं. कारण-कार्याचा आपला सगळा अनुभव विश्वाच्या आतला आहे. तो अख्ख्या विश्वाला लागू होतो हे वेगळं सिद्ध करावं लागेल. १९४८ मध्ये बीबीसीवर बर्ट्रांड रसेल आणि जेझुइट धर्मगुरू कोपल्स्टन यांची यावर चर्चा झाली. विश्व आहे, बस्स, असं रसेलचं म्हणणं. पटासमोर बसायचंच नाकारलं तर मात कशी होणार, असा कोपल्स्टनचा टोला. दोघांनी आवाज चढवला नाही. विद्यार्थ्यांना मी हा नमुना देते.

देवपक्षाचा सगळ्यात दमदार मुद्दा माझ्या मते कारणाचा नाही, स्थिरांकांचा आहे: निसर्गाच्या नियमांतल्या ठरावीक संख्या जराशा वेगळ्या असत्या तर आपण नसतो, मग त्या अशा नेमक्या कुणी ठेवल्या? कार्बनच्या अणुगर्भात ७.६५ एमईव्हीच्या (हे अणुगर्भातली ऊर्जा मोजायचं एकक) आसपास एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर ताऱ्यांत पुरेसा कार्बन तयार होणार नाही, असं हॉइलने १९५३ च्या सुमारास सांगितलं, आणि प्रयोगात ती सापडली. हाच नास्तिक हॉइल पुढे लिहून गेला की कुणा महाबुद्धीने भौतिकशास्त्राशी खेळ केल्यासारखं वाटतं. यावर ‘असंख्य विश्वं असतील, त्यातलं हे एक’ असं उत्तर देणाऱ्याला मी अध्यक्ष म्हणून थांबवते. न दिसणारा देव चालत नाही म्हणता, तर न दिसणारी विश्वं वस्तुस्थिती म्हणून मांडू नका, शक्यता म्हणून मांडा. त्याहून चांगलं उत्तर असं: स्थिरांकांच्या किती किमती मुळात शक्य होत्या हेच माहीत नसताना, ही किंमत दुर्मीळ आहे हे कशाच्या आधारावर म्हणायचं? काका यावर अजून तरी हटलेले नाहीत. मीही नाही.

‘विज्ञानाला माहीत नाही, म्हणजे देव’ ही उडी दिसली की न्यूटनची आठवण करून द्या. ग्रहांच्या कक्षा काळाच्या ओघात बिघडतील आणि देवाला त्या सुधाराव्या लागतील, असं त्याला वाटत होतं. गुरू आणि शनीच्या गतीतला कोड्यात टाकणारा फरक लाप्लासने १७८५ मध्ये गुरुत्वाकर्षणानेच समजावला. पण ‘आज ना उद्या विज्ञान सांगेलच’ ही उडीही तितकीच लांब आहे. ती तिसऱ्या तुकड्यावर तर अजिबात चालत नाही.

आता चालवण्याबद्दल. वर आलेल्या न्यायदर्शनात वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार आहेत: सत्य शोधायला, जिंकायला, आणि स्वतः काही न मांडता नुसतं खोडायला. वितंडा टाळायचा साधा उपाय म्हणजे पूर्वपक्ष. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याच्यासमोर मांडायचं, आणि ‘हो, हेच म्हणतोय मी’ असं तो म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. वेळ जातो. जाऊ द्या. मग दोघांना एकच प्रश्न: काय कळलं तर तुमचं मत बदलेल? ‘काहीही कळलं तरी नाही’ असं उत्तर आलं, तर तो माणूस श्रद्धा सांगतोय, मग तो कुठल्याही बाजूचा असो. ती ऐकून घ्यावी, खोडत बसू नये. आणि नुकतंच कुणी गमावलेला माणूस बोलता बोलता देवाचं नाव घेत असेल, तर तो विश्वोत्पत्तीबद्दल बोलत नसतो. तिथे तुमचं पार्श्वप्रारण काढू नका.