कुत्र्याची खाज: नवा शाम्पू आणण्याआधी या चुका टाळा

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात माझं कुत्र्यांना अंघोळ घालायचं, केस-नखं कापायचं छोटं दुकान आहे. मी डॉक्टर नाही. पण चौदा वर्षं खाजरी कुत्री हाताखालून गेलीत, त्यामुळे कुत्रं टेबलावर चढायच्या आत मला वासावरून कळतं की घरी काय काय उपाय झालेत. खोबरेल आणि हळद. कापूर. कडुलिंबाचं तेल. कधी जंतुनाशकाचा भपका. आणि मागून मालक: "ताई, सगळं करून पाह्यलं, काहीच फरक नाही."

सगळं करून पाहिलं, हाच तर घोळ. आठ दिवस हे, आठ दिवस ते. खाज ही नुसती तक्रार आहे, आजार तिच्यामागे लपलेला असतो. पिसवा असतील, माइट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतील, यीस्ट नावाची बुरशी असेल, जिवाणूंच्या पुळ्या असतील, खाण्याची ॲलर्जी असेल, नाहीतर धूळ-परागांची. बऱ्याचदा यातल्या दोन-तीन गोष्टी एकाच कुत्र्याच्या अंगावर गुण्यागोविंदाने नांदत असतात. एकीवर औषध केलं की दुसरी खाजवायला लावते आणि आपण म्हणतो, औषध लागू पडत नाही.

"एक सुई मारून द्या ना"

सगळ्यांत जास्त चीड मला या वाक्याची येते. मनीषनगरकडून एक पग यायचा माझ्याकडे. घोरणारा, लाडावलेला, नखं कापताना माझ्या हाताला टेकून झोपणारा. त्याच्या मांडीवर दोन टक्कलं पडली, खाजवायला लागला. घरच्यांनी कुठूनतरी 'खाजेची सुई' टोचून आणली. तिसऱ्या दिवशी खाज बंद, सगळे खूश. महिनाभराने पुन्हा खाज, पुन्हा सुई. मग तीन आठवड्यांनी. मी दोनदा विचारलं, सुईत असतं तरी काय? उत्तर: "खाजेची असते ना ताई."

पाच-सहा सुया झाल्यावर तो माझ्या टेबलावर आला तेव्हा पोट माठासारखं सुटलेलं, पाय काटकुळे, पोटाची कातडी इतकी पातळ की खालच्या निळ्या शिरा दिसत होत्या. पाणी खूप पितो, रात्री दोन-दोनदा लघवीला उठवतो, म्हणे. टक्कल मांडीवरून पाठीवर गेलेलं, त्यात काळपट कातडी आणि फोड. मी अंघोळ घातलीच नाही. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि दुकानाला कुलूप लावून स्वतः सोबत गेले.

डॉक्टरांनी बोथट ब्लेड घेतलं, तेलाचा थेंब टाकला, कातडीला चिमटा काढून हलकं रक्त दिसेपर्यंत खरवडलं आणि ते काचपट्टीवर घेतलं. पाच मिनिटांचं काम. मला भिंगातून पाहू दिलं. लांबट, सिगारसारखे, पुढे आखूड पाय असलेले जीव वळवळत होते. डेमोडेक्स. हे माइट थोडेफार जवळपास प्रत्येक कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी असतात. दूध पिताना आईच्या अंगावरून पिल्लाकडे येतात आणि शरीर त्यांना आवरून धरतं. ती 'खाजेची सुई' म्हणजे स्टेरॉइड, आणि स्टेरॉइड नेमकी ती आवरायची ताकदच दाबतं. म्हणजे दर सुईला आपण खाज थांबवत होतो आणि माइटची पंगत वाढत होतो.

तो बरा झाला, पण चार महिने लागले. स्टेरॉइड डॉक्टरांनी बेताबेताने सोडवलं, कारण महिनोन्महिने बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं आणि एकदम बंद केलं तर जनावर आडवं होऊ शकतं. माइटच्या गोळ्या, औषधी शाम्पू, आणि महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून काचपट्टी साफ दिसेपर्यंत सुट्टी नाही.

आता स्टेरॉइड म्हणजे विष असं कोणी समजू नका. ॲलर्जीने रात्रभर पंजे चावणाऱ्या कुत्र्याला चार दिवस त्या गोळ्या मिळाल्या तर ते जीव वाचल्यासारखं झोपतं. माझा राग न तपासता टोचण्यावर आहे. माझी सवय सांगते: सुई दिली की तिचं नाव कागदावर लिहून मागायचं आणि तो कागद लसीच्या कार्डाला टाचायचा. नाव लिहून द्यायला कोणी टाळाटाळ केली तर मी पट्टा हातात घेते आणि उठते.

ज्यांच्यावर फार बोलायचं नाही अशा चुका

गॅरेजमधलं जळकं ऑइल. रस्त्यावरच्या खरजेल्या कुत्र्यांना आजही लोक पुण्य म्हणून चोपडतात. कुत्रं ते चाटतं आणि ते पोटात जातं. नका लावू, संपलं.

गुरांचं गोचीड मारायचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून अंघोळ घालणं. किंवा गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिन, म्हणजे जंत-माइट मारायचं औषध, 'थोडंसं' टोचणं. कोली आणि त्याच्या भाईबंद जातींत बऱ्याच कुत्र्यांना ते औषध मेंदूपर्यंत जाऊन भिडतं.

मे महिन्यात "गरम होते बिचाऱ्याले" म्हणून मशीनने गोटा करून मागणं. पंचेचाळीस डिग्रीत उघडी कातडी भाजते. मी करत नाही, दुसरीकडे जा.

अँटिबायोटिक पाचव्या दिवशी बंद करणं, कारण पुळ्या सुकल्या. डॉक्टरांनी दाखवायला बोलावलंय त्या दिवसापर्यंत गोळ्या चालू ठेवा.

आपली सर्दीची गोळी अर्धी करून देणं. कुत्र्याच्या खाजेवर ती फारशी चालत नाही, फक्त आपल्याला काहीतरी केल्याचं समाधान.

आणि कुत्र्यासोबत घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल, कुत्र्याच्या कानांच्या कडा नि कोपरं खरखरीत झाली असतील, तर हे वाचत बसू नका. ती खरूज असू शकते, ती आपल्याला चिकटते. आजच दाखवा.

माझ्या घरातला टोस्ट

लोकांना शिकवते, आणि सगळ्यांत मोठा गाढवपणा माझ्याच घरात झाला. आमचा लॅब्रेडॉर, ब्रुनो. बारा महिने कान लाल, पंजे चाटून चाटून तपकिरी झालेले. पिसवा नाहीत, माइट नाहीत. सगळे म्हणाले, चिकन बंद करा, चिकन गरम पडतं. दोन वर्षं बंद केलं. कान तसेच.

मग डॉक्टरांनी खाण्याची नीट चाचणी घ्यायला सांगितली. रक्त काढून खाण्याची ॲलर्जी कळते असं सांगून पैसे घेणारे भेटतात, पण त्या तपासण्यांवर भरवसा ठेवण्यासारखं काही नाही. खरी चाचणी एकच: कुत्र्याने आयुष्यात न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट, आठ आठवडे, बाकी शून्य. चिकन-भात 'साधं' म्हणून देतात, पण चिकन, दूध, बीफ आणि गहू यांचीच ॲलर्जी कुत्र्यांत जास्त आढळते. शून्य म्हणजे बिस्किट नाही, दूध नाही, चघळायचं हाड नाही, अंडं नाही. चवीची जंताची गोळीसुद्धा नाही, तिच्यातही मांसाचा अर्क असतो. ब्रुनोने मासा कधी खाल्ला नव्हता, म्हणून उकडलेला रोहू, एकेक काटा काढून, आणि रताळं. सात आठवडे माझ्या हाताला मासळीचा वास.

काही फरक नाही. सातव्या आठवड्यात मी डॉक्टरांना सांगून मोकळी, की खाण्याचं काही नाही हे.

एके दिवशी पहाटे पाचला पाणी आलं का पाहायला उठले. अंगणात सासरे खुर्चीवर, हातात बशी, समोर ब्रुनो शहाण्या पोरासारखा बसलेला. टोस्ट दुधाच्या चहात बुडवायचा, अर्धा स्वतःला, अर्धा त्याला.

"बाबा, हे कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? रोजच खाते तो माह्यासंग. एक टोस्ट तं देतो. त्यानं काय होते?"

माझ्या डोळ्यांसमोर सात आठवड्यांचे काटे आले. पण चूक माझी होती. मी सासूबाईंच्या, मुलांच्या, कामवाल्या मावशींच्या कानी घातलं होतं. पहाटे पाचला कोण उठतं हे मी धरलंच नव्हतं. बाबांना नुसतं 'देऊ नका' म्हणून चाललं नसतं, त्यांची ती वेळच ब्रुनोची. मग रताळ्याचे काप उन्हात वाळवले, डब्यात भरले आणि डबा बाबांच्या खुर्चीशी ठेवला. चहा त्यांचा, काप त्याचे.

पुन्हा पहिल्या दिवसापासून आठ आठवडे. सहाव्या आठवड्यात पंजे चाटणं थांबलं. आठवा संपल्यावर एकेक वस्तू परत दिली, प्रत्येकीला दोन आठवडे. ही पायरी लोक हमखास गाळतात, बरं वाटलं की तिथेच थांबतात आणि मग कशाने झालं होतं ते कधीच कळत नाही. चिकन: काही नाही. पोळी: काही नाही. दूध: तिसऱ्या दिवशी कान लालबुंद. बिचाऱ्याचं चिकन दोन वर्षं उगाच तोडलं होतं.

पिसवा दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं नाही

शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर केस विरळ, तिथेच दात लावून खाजवतो, तर आधी पिसवांचा संशय घ्या. "आमच्याकडे पिसवा नाहीत हो, एसीत राहतो." पांढरा कागद ओला करा, त्यावर कुत्रं उभं करून कमरेवरून बारीक कंगवा फिरवा. काळे दाणे पडतील. ओल्या कागदावर त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर रंग सुटत नाही. ज्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी आहे त्याला दोन-चार चावे पुरतात.

आणि औषध फक्त कुत्र्याला देऊन भागत नाही. अंडी, अळ्या, कोष हे सगळं दिवाणाखाली, पायपुसण्यात, फरशीच्या फटीत असतं आणि कोष महिनोन्महिने तसेच पडून राहतात. म्हणून औषध दिल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा पिसवा दिसल्या की लोक औषधाला शिव्या घालतात. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना सलग तीन-चार महिने औषध द्या, न चुकता. मांजराला मात्र कुत्र्याचं औषध लावू नका, काहींत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, त्याने मांजर मरतं.

दोन मिनिटांची अंघोळ

औषधी शाम्पूचा फेस कातडीवर दहा मिनिटं राहिला पाहिजे. दहा. मी फेस चोळते, मग पाटावर बसून पूर्ण कप चहा पिते, तोवर कुत्रं तसंच. ज्यांना एवढा दम नाही त्यांनी महागड्या बाटलीचे पैसे वाचवावेत. नागपुरी उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल इतकं तापतं, त्याने खाज दुप्पट होते. सकाळी सातच्या आत उरका. आणि नंतर ओल्या अंगाने कूलरसमोर सोडू नका. काखा, बोटांच्या फटी, गळ्यातल्या पट्ट्याखालची जागा टॉवेलने टिपून कोरडी करा, नाहीतर यीस्ट माजतं आणि अंगाला आंबूस वास सुटतो. पावसाळ्यात फिरून आल्यावरही तेच: पाय धुवा, पुसा. गाजरगवत फुललेल्या मोकळ्या प्लॉटात लोळू देऊ नका.

शेवटी एक. सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना असो की कॉलनीतले डॉक्टर, दाखवायला नेताना लोक कुत्र्याला लग्नाला न्यावं तसं नेतात. सकाळी अंघोळ, पावडर, एक बाई तर अत्तर लावून घेऊन गेल्या होत्या. मग डॉक्टर सेलोटेप चिकटवून भिंगाखाली पाहणार काय? निदान चार-पाच दिवस आधी अंघोळ नको. मळका न्या, वास येत असेल तर येऊ द्या, आणि टाचलेले कागद सोबत घ्या.